करवलीच्या डाव्या हातातलं लोखंड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे. दहा किलोचं वजन. सहा बाजूंचं अंग, डोक्यावर मुठीत मावेल अशी कडी, आणि बुडाशी एक खळगा. त्या खळग्यात शिसं ओतून त्यावर सरकारी शिक्का मारलेला आहे. शेवटचा शिक्का कधी मारला ते मलाही आठवत नाही, त्यामुळे कायद्याने आता मला बटाटासुद्धा तोलता येत नाही. माणसं तोलायला मात्र शिक्का लागत नाही. ते काम मी अजून करतो, आणि आधीच सांगून ठेवतो, बहुतेक माणसं भरत नाहीत.

तुमच्या निबंधांत छत्री बोलते, दप्तर बोलतं, आणि शेवटी सगळी रडतात. मी रडणार नाही. लोखंडाला पाणी सोसत नाही.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात तापलेला रस ओतला, तो निवला, साचा फोडला, झालं. बारसं नाही, पाळणा नाही. तिथून मी चिंचणीजवळच्या एका वाडीत आलो. वाडी म्हणजे चिकूची बाग. तिचे मालक कृष्णकांत, त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांच्या पडवीत तुळईला मोठा तराजू टांगलेला असे. एका पारड्यात मी, दुसऱ्यात चिकू. माझ्यासारखे आणखी होते, पाचचा, वीसचा; मला म्हणत दहाचा.

माणसांची खरी ओळख मला त्या पडवीत झाली. व्यापारी यायचा तो येतानाच फळांना नावं ठेवत यायचा. कुणी बोलता बोलता पारड्याखाली पायाचा अंगठा लावायचा, कुणी दोरीवर हात टेकून उभा राहायचा, आणि पकडला गेला की देवाची शपथ घ्यायचा. त्या पडवीत देवाला जितक्या वेळा साक्षीला बोलावलं तितक्या वेळा कोर्टात कुणाला बोलावलं नसेल. नाना फक्त मला उचलून पुन्हा ठेवायचे आणि म्हणायचे, "दहाचा खोटं बोलत नाय." माझ्या आयुष्यातली एवढीच स्तुती. पुरली.

मग आकडे दाखवणारा विजेचा काटा आला. वीज गेली की तो आंधळा, पण माणसांना चमकणाऱ्या आकड्यावर फार विश्वास. तराजू उतरवला. पाचचा कुणीतरी नेला, वीसचा भंगारात गेला. मला कोपऱ्यात ठेवलं. पावसाळ्यात ताडपत्री उडू नये म्हणून तिच्यावर, उन्हाळ्यात दार आपटू नये म्हणून दारापाशी. ज्यांनी माझ्या जिवावर वर्षानुवर्षं माल विकला तेच जाता येता पायाचा अंगठा मला लागला की मलाच शिव्या द्यायचे.

त्याच पडवीत चारुता वाढली. नानांची नात.

ती जन्मली तेव्हा अंगावर पिवळेपणा होता. घरातल्या शहाण्यांनी ठरवलं, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या शहाण्या म्हणजे नानांची लेक, सफाळ्याला दिलेली. चारुताची आत्या. आत्याबाईंचं ऐकून उन्हात धरण्यात दिवस गेले. दवाखान्यात नेलं तोवर कावीळ मेंदूपर्यंत पोचली होती. पुढे डॉक्टरांनी नाव सांगितलं, सेरेब्रल पाल्सी. चारुताचे बाबा स्वभावाने फार सौम्य आहेत. म्हणजे बहिणीपुढे बोलत नाहीत.

आता नीट ऐका, कारण हे पुष्कळ मोठ्या माणसांना अजून कळलेलं नाही. चारुताचे हातपाय लुळे नाहीत. ते नको तेव्हा, नको तिकडे निघतात. कप उचलायचा असं तिने मनात आणलं की हात आधी खांद्यातून मागे जातो, मग पिळवटतो, बोटं फाकतात, मान दुसऱ्याच बाजूला वळते, आणि तोंड उघडतं ते कप यायच्या आधी किंवा गेल्यावर. चमचा तोंडात गेलाच तर दात त्यावर असे आवळतात की सुटता सुटत नाही. झग्याच्या बाहीत हात घालायचा तर हात ताठ, बाही मऊ, आणि शाळेची गाडी दारात. वहीवर पेन्सिल टेकली की कागद फाटतो. संध्याकाळी ती अशी दमलेली असते की जणू दिवसभर भाताची लावणी करून आली, आणि कुणी विचारलं तर उत्तर काय, शाळेत बसली होती.

ती जितका जोर लावेल तितकं अंग बंड करतं. आनंद झाला की जास्त, राग आला की जास्त, कुणी टक लावून बघितलं की सगळ्यांत जास्त. हात धरून दाबून ठेवला तर तो दुप्पट उसळतो. झोपली की मात्र सगळं शांत. झोपलेल्या चारुताकडे बघून एकदा आत्या म्हणाली, "बगा, मनात आणलं की कशी गप राहते!"

मी दहा किलोचा आहे, म्हणून जागेवरून उठलो नाही.

आणि ती बोलते. शब्द घशातून जिभेवर यायला वेळ लागतो, एवढंच. ऐकणाऱ्याने थांबायचं असतं. पण थांबणं हे काम माणसांना विहीर खणण्याहून जड जातं. पहिलं अक्षर बाहेर येतं न येतं तोच सुरू होतात, "पानी पायजे? भूक लागली? झोप आली?" एकदा आत्या नवी साडी नेसून आली होती. चारुता कितीतरी वेळ तिला काहीतरी सांगू बघत होती. आत्याने तिला पाणी पाजलं, पंखा लावला, कपाळावरून हात फिरवला, देवाला दोष दिला. चारुताला सांगायचं होतं की पदराला दुकानाचं लेबल तसंच लटकतंय. आत्या ते लेबल घेऊन साऱ्या गावातून मिरवून आली.

उपकार करणारेही आले. तारापूरच्या कारखान्यांपैकी एकाने चाकांच्या खुर्च्या वाटल्या. मी तिथे नव्हतो, पण फोटो पडवीत लावलाय, रोज बघतो. मागे फलक, पुढे हार घातलेले साहेब, आणि मधे मोठ्या माणसाच्या मापाच्या खुर्चीत बुडालेली चारुता, पाय अधांतरी, कंबर घसरलेली. आई सांगते की साहेब सारखे म्हणत होते, "बेटा, हाथ नीचे, फोटो हिल रहा है." फोटो तिच्यामुळे हलत होता असं त्यांना मनापासून वाटत होतं. ती खुर्ची अजून पडवीत आहे. तिच्या पाठीवर टॉवेल वाळत घालतात. टॉवेल मात्र तीत अगदी ताठ बसतात.

माझे दिवस पालटले ते बोईसरच्या सपना मॅडममुळे. त्या अशा मुलांच्या हातापायांचे व्यायाम घेतात. त्यांनी आधी सुताराकडून चारुताच्या मापाची लाकडी खुर्ची करून घेतली, कमरेला पट्टा, पायाखाली फळी. मग आईला म्हणाल्या, "डाव्या हाताला घट्ट धरायला न हलणारं काहीतरी द्या. तो हात रोवला गेला की खांदा आणि मान थोडी ताब्यात येते, आणि उजव्या हाताला काम करता येतं. तिचा हात तुम्ही धरू नका. तिला धरू द्या."

घरात शोध सुरू झाला. स्टूल दिलं, ते हाताबरोबर उठलं. खुर्चीलाच दांडा बसवला, तर एका झटक्यात खुर्चीच फिरली. पाण्याने भरलेली कळशी दिली, त्या दिवशी पडवी धुवायची राहिली नाही. शेवटी नाना म्हणाले, "आपला दहाचा कुठं हाय?"

मी ताडपत्रीवर होतो. मला आणलं, रॉकेलच्या बोळ्याने गंज काढला, कडीला सुती पट्टी गुंडाळली आणि डावीकडे एका बुटक्या लाकडी ओंडक्यावर बसवलं. चारुताची बोटं कडीवर यायला वेळ लागला. आली आणि आवळली. मित्रांनो, मी आयुष्यभर पारड्यात बसलो, पण माणसाच्या अंगात इतका जोर चाललेला असतो हे मला तेव्हाच कळलं. तिने ओढलं, ढकललं, पिळलं. मी हललो नाही. न हलणं एवढीच माझी विद्या.

मी काही चमत्कार केला नाही. असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्यापाशी पाठवा, मी त्याच्या पायावर पडेन. चहा अजूनही सांडतो. सर्दी झाली, झोप झाली नाही, पाहुणे आले, की त्या दिवशी माझा काही उपयोग होत नाही. पण एरवी अर्धा कप तिच्या पोटात जातो, तिच्याच हाताने. अक्षरं लिहिलेल्या पाटीवर ती एका बोटाने अक्षर दाखवते, आणि बोट त्याच अक्षरावर पडतं. मग कळतं की इतकी वर्षं ही पोरगी सगळ्यांना ओळखून होती. आत्याचं नाव तिने पाटीवर काय ठेवलंय ते मी सांगणार नाही. अगदी बरोबर आहे.

असं चाललं असताना घरात लग्न निघालं. चारुताचा भाऊ प्रणव, तिच्याहून बराच मोठा, बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. नवरी केळव्याची, सलोनी. हॉल बोईसरचा.

आता नवरदेवाची बहीण म्हणजे करवली. आंब्याची पानं आणि नारळ ठेवलेला पाण्याचा तांब्या, त्याला करा म्हणतात, तो घेऊन ती नवरदेवामागे असते, आणि मंगलाष्टकं संपली की त्यातलं पाणी नवरानवरीच्या डोळ्यांना लावते. प्रणवला बहीण एकच. त्यामुळे यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. म्हणूनच सगळे ठरवायला बसले.

"करा किंजल घेईल," आत्या म्हणाली. किंजल तिची मुलगी, कॉलेजात जाते. "चारुताला कशाला उगाच तरास?"

"तरास कुनाला?" आईने विचारलं.

"अगो वहिनी, मी तिच्याच भल्याचं बोलते. पानी डोळ्यांना लावायचं आसतं. हिचा हात गेला भलतीकडं नि नवरीचा डोळा फुटला मंजे? केळव्याची मानसं काय बोलतील?"

चारुता बोलायला लागली. "मी... क... क..."

"कंटाळली बग. घेऊन जा गो तिला आत."

बाबा छताकडे बघत होते. छत चांगलं आहे, पण इतकं नाही.

प्रणव उठला, चारुताच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला आणि फोन खिशात टाकला. "बोल, चारू. मला घाई नाय."

किती वेळ गेला ते आत्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चारुताची मूठ माझ्या कडीवर होती, मला प्रत्येक अक्षर तिच्या खांद्यातून निघताना कळत होतं. शेवटी वाक्य पुरं झालं.

"मी कर...वली. किं...जल नाय."

"मला तसं पन नकोच हाय," किंजल म्हणाली. "मला रील काडायचंय. हातात तांब्या घेऊन कसं काडू?"

आत्याची एक वाट बंद झाली. दुसरी तयारच होती. "बरं बाबा, होऊ दे तुमच्या मनासारखं. पन तो ठोकळा नाय हां. मंगल कार्यात लोखंड? आपशकुन. आनि दिसतं काय ते! तिला धरायलाच पायजे ना? मी छान काहीतरी करून घेते."

छान काहीतरी हळदीच्या दिवशी वाडीत आलं. मंडपवाल्याकडून करून घेतलेला थर्माकोलचा खांब. वर सोनेरी कागद, कडेला मोती, मध्यावर गणपती. दिसायला राजवाड्यातला, वजनाला फुलक्याएवढा. धरायला काहीतरी लागतं एवढं आत्याच्या ध्यानात आलं होतं. ते जड का लागतं हा विचार करायला तिच्याकडे सवड नव्हती.

प्रणव पाटावर बसला. हळद लागायच्या आधी आत्याने त्याच्या हातात लिंबू टोचलेली सुरी दिली. आमच्याकडे नवरदेवाला दृष्ट लागू नये, वारं लागू नये म्हणून ती द्यायची रीत आहे. "लगीन लागेपर्यंत हातातनं सोडायची नाय," असं तिने बजावलं. शेजारी चारुताची खुर्ची, डावीकडे खांब. मी दारापाशी, दार आपटू नये म्हणून.

"धर गो," आत्या म्हणाली. "बग कसं सुंदर हाय."

चारुताने धरलं. आनंदात होती, म्हणजे अंगात दुप्पट जोर. खांब उठला, तिच्या डोक्यावरून गेला आणि हळदीच्या ताटात पडला. हळद उडाली. थोडी प्रणवच्या वाट्याला आली, बाकीची सगळी आत्याच्या रेशमी साडीवर.

"बगितलंत?" आत्या ओरडली. "आता तरी पटलं? मी बोलत होते ते यासाठीच!"

आणि मित्रांनो, पटलं लोकांना. गंमत इथेच आहे. खांब फुलक्याएवढा होता हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि दोष दिला तिच्या हाताला. अर्ध्या तासात ठरलं की करा किंजलच घेईल आणि चारुता हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसेल, एसीसमोर. प्रणव आत आंघोळीला गेला होता, त्याला कुणी सांगितलं नाही. आई बोलायला गेली तर चार बायकांनी तिला समजावलं. चौघी मिळून बोलत असल्या की त्याला समजावणं म्हणतात. चारुताची डावी मूठ रिकामी उघडत होती आणि मिटत होती.

त्याच संध्याकाळी मंडपवाला विचारत आला, "फुलांच्या पडद्याच्या पायाला ठेवायला काही जड हाय का?"

"हा घेऊन जा," आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "फालतू पडलाय."

असा मी लग्नाला गेलो. बोईसरच्या हॉलमध्ये स्टेजवर झेंडूचा आणि कागदी गुलाबांचा मोठा पडदा उभा केला होता, हलक्या पाइपांच्या चौकटीवर. तिच्या पायावर मी, माझ्यावर गुलाबी झालर. मंगल कार्यात लोखंड चालत नाही. झालरीखाली चालतं.

झालरीच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. पहिल्या रांगेत चारुता आपल्या लाकडी खुर्चीत, हिरवं परकर-पोलकं, केसांत अबोली. शेजारी आई आणि नाना. स्टेजवर किंजल, एका हातात करा, दुसऱ्यात फोन. भटजी अंतरपाट घेऊन तयार, पलीकडे सलोनी, अलीकडे प्रणव, हातात लिंबाची सुरी. प्रणवने मागे वळून बघितलं.

"चारू कुठाय?"

"ती काय, पयल्या रांगेत. मस्त गार हवेत बसलीय," आत्या म्हणाली.

"तिला वर आना."

"अरे, मुहूर्त टळेल!"

"टळू दे."

"काल बगितलंस ना काय झालं?"

"काल थर्माकोल होता. दहाचा कुठाय?"

मंडपवाल्याने नाइलाजाने झालरीकडे बोट दाखवलं. प्रणव आला, वाकला, माझी कडी धरली. "अहो, तो काडू नका, पडदा..." असं मंडपवाला म्हणेपर्यंत मी उचलला गेलो होतो. त्याने घाईघाईत माझ्या जागी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं ठेवलं.

"लोखंड!" आत्या किंचाळली. "नवरानवरीच्या मदे लोखंड!"

प्रणवने दुसरा हात वर केला. "आत्या, हे तू माझ्या हातात काय दिलंयस?"

"लिंबू."

"लिंबाच्या खाली?"

"...सुरी."

"कशाची?"

खालून नाना मोठ्याने म्हणाले, "सोन्याची आसंल गो, सांग त्याला!"

हॉल हसला. आणि अंतरपाटापलीकडून सलोनीचा आवाज आला, "डोळा माझा हाय ना? मग मला विचारा की. आना तिला वर."

भावकीतल्या पोरांनी खुर्चीसकट चारुताला वर आणलं. डावीकडे एका चौरंगावर मला ठेवलं. करा तिच्या मांडीवर. आईने तांब्याला हात लावला, तिच्या हाताला नाही. केतन नावाचा फोटोवाला पुढे आला. "भाभी, ये लोखंड फ्रेम में आ रहा है. इस पे शाल डाल दो ना."

"तुजी फ्रेम सरकव," आई म्हणाली.

मंगलाष्टकं सुरू झाली. आणि सगळा हॉल नवरानवरीकडे बघायचं सोडून चारुताकडे बघू लागला. फोन वर झाले. "बिचारी." "हौस बग लोकांना." "आईचं काळीज हो, दुसरं काय." अक्षता टाकायला आलेली माणसं, पण खरी करमणूक त्यांना इथे मिळाली होती. इतक्या नजरा एका अंगावर पडल्या की त्या अंगाचं काय होतं ते मला कडीतून कळत होतं. मान मागे गेली, पाय फळीवर आपटला, बोटं फाकली. मूठ मात्र माझ्यावर होती, आणि मी जागेवर होतो.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट खाली आला, माळा पडल्या, वाजंत्री झाली. प्रणव चारुतासमोर गुडघ्यावर बसला, सलोनीही बसली. चारुताचा उजवा हात कऱ्याकडे निघाला, नारळाला लागला, नारळ गडगडत गेला. "अरेरे," असा सुस्कारा सगळ्या हॉलने एकदम टाकला, जणू तालीम केली होती. हात परत आला. पुन्हा निघाला, पुन्हा वळला. आत्या तेवढ्यासाठीच टपली होती. "थांब गो, मी धरते तुजा हात," म्हणत ती पदर खोचून निघाली.

तिने दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात बाटल्यांचं खोकं सरकलं.

फुलांचा पडदा आधी नुसता लवला, नमस्कार केल्यासारखा. मग कलंडू लागला. "पडदा! पडदा!" मंडपवाला ओरडला. केतन कॅमेरा सोडून धावला, कारण त्याचा लाइट खाली होता. आत्या धावली, कारण पडद्यावरची नवरानवरीची नावं सोनेरी अक्षरांत तिने लिहून घेतली होती. अख्खी भावकी पाइपांना लटकली. कुणी "उजवीकडं" म्हणालं, कुणी "सोड, सोड", किंजल रील काढत होती ती पडद्याची. तेवढ्या माणसांत एकाचीही नजर चारुतावर नव्हती.

मित्रांनो, तुम्हाला सांगतो, त्या क्षणी कडीवरची मूठ बदलली. घट्टच होती, पण तिच्यातली झुंज थांबली. कुणी बघत नव्हतं. उजवा हात कऱ्यात गेला आणि ओला होऊन बाहेर आला. प्रणवच्या कानावरून गेला, फेट्याला लागला, परत आला, आणि बोटं त्याच्या मिटलेल्या पापण्यांवर टेकली. आधी एक, मग दुसरी. पुन्हा कऱ्यात. सलोनी डोळे मिटून बसली होती. ती मागे सरली नाही, पुढेही आली नाही. पहिलं पाणी तिच्या नाकाला लागलं, दुसरं भुवईला, आणि मग डोळ्यांना. तिचा डोळा फुटला नाही. काजळ थोडं उतरलं.

हे पाहिलं ते आईने, खालून नानांनी, आणि मी. नानांनी फक्त मान हलवली, वजन भरल्यावर हलवायचे तशी.

पडदा उभा राहिला. सगळे घामाघूम होऊन परतले, एखादी लढाई जिंकल्यासारखे.

"हां, आता चला," आत्या म्हणाली. "पानी लावून घेऊ."

"लावलं," सलोनी म्हणाली.

"कधी?"

"अरे यार, शॉट मिस हो गया!" केतनने कपाळाला हात लावला. "दीदी, परत एकदा लाव ना. फक्त एकदा."

"लाव गो माजी बाय," आत्या आता मायेने ओथंबली होती. ती चारुताच्या अगदी जवळ आली. "परत लाव. सगळी बगतायत. मी धरते तुजा हात."

फोन पुन्हा वर झाले. चारुताने मान सावरली. तोंड उघडलं. या वेळी कुणी पाणी हवं का विचारलं नाही, कुणी वाक्य पुरं केलं नाही. सगळे थांबले. लोकांना थांबता येतं, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. त्यांना चित्र हवं असलं की येतं.

"ना...य."

असं म्हणताना तिचा ओला हात उसळला आणि आत्याच्या गालावर पाच बोटं उमटवून खाली आला.

"होतं गो तिला तसं, मुद्दाम नाय करत," आत्या गाल पुसत सगळ्यांना सांगू लागली. जन्मात पहिल्यांदा ती बरोबर बोलत होती, नेमकी चुकीच्या वेळी. त्या क्षणी माझ्या कडीवरची मूठ कशी होती ते मला ठाऊक आहे. दहाचा खोटं बोलत नाही. पण विचारल्याशिवाय सांगतही नाही.

लग्नाचा अल्बम आलाय. जाड, चकचकीत. पडदा पडतानाचे फोटो त्यात पुष्कळ आहेत. आत्या तो दाखवताना म्हणते की करवलीचा मान चारुतालाच मिळावा हे तिचं पहिल्यापासून म्हणणं होतं. बाबा छताकडे बघतात.

मी पुन्हा पडवीत आहे, चारुताच्या डावीकडे. माझ्यावर उपकार करू नका, मित्रांनो. हार नकोत, झालर तर मुळीच नको. पाऊस सरल्यावर एकदा तेलाचा बोळा फिरवा, कडीची पट्टी जुनी झाली तर बदला, आणि अशी एखादी चारुता तुमच्या वर्गात असेल तर तिचा हात धरायला धावू नका. ती बोलत असेल तर तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्या. तिच्या हाताला पोचेल तिथे काहीतरी भक्कम ठेवा.

आणि मग जरा दुसरीकडे बघा.